पेण-रोह्याची बारमाही दिवाळी

पेण म्हटले की मुंबईकराला दोन गोष्टी आठवतात : गणपती आणि पोहे. पहिल्याचा मुक्काम दीड दिवसाचा, फार तर दहा दिवसांचा. दुसरे मात्र वर्षभर डब्यात असतात. रोहे म्हटले की इतके चटकन काही आठवत नाही. कोणी म्हणेल, कोकण रेल्वे तिथून सुरू होते. कोणी चिंतामणराव देशमुखांचे नाव घेईल. कोणी धाटावच्या कारखान्यांकडे बोट दाखवील. माझे या दोन्ही गावांशी नाते आजोळचे आहे. मावशी पेणला दिलेली, मामाचे घर रोह्याला. या कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. पण मावशी अजून ‘आमचा कुलाबा’ असेच म्हणते आणि तिला दुरुस्त करण्याचे धाडस आमच्यापैकी कोणी करीत नाही.

यंदा नवरात्र उलटल्यावर चार दिवसांची सवड काढून दोन्हीकडे जाऊन आलो. निमित्त तसे आनंदाचे नव्हते. पेणच्या वहिनींच्या रक्तात साखर निघाली होती; अजून मधुमेह नव्हे, पण त्याच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी वजन उतरवा म्हणून सांगितले होते. आमचा अण्णा, म्हणजे मावशीचा थोरला मुलगा, फोनवर मला म्हणाला, “खाते आणि बसते, दुसरं काय! वजन नाही तर काय वाढणार?” मागून भांडे आपटल्याचा आवाज आला. तेव्हाच ठरवले की एकदा जाऊन पाहावे.

दिव्याहून रोह्याला जाणारी गाडी पनवेल, आपटा करीत जिते-हमरापूरला आली की खिडकीशी बसल्याचे सार्थक होते. दोन्ही अंगांना पिवळी पडू लागलेली भातशेते, मधून खाडीच्या पाण्याची चमक, दूर सह्याद्रीची निळी भिंत. याच हमरापूर आणि जोहे गावांत घरोघर गणपतीच्या मूर्ती होतात. गाडीच्या आत मात्र निराळाच देखावा होता. वडेवाला गेला की चकलीवाला, तो गेला की चणे-शेंगदाणेवाला. माझ्यासमोरच्या पाच-सहा वर्षांच्या मुलाने पनवेल ते पेण एवढ्या अंतरात दोन पुड्या आणि एक गोड पेयाची बाटली संपवली. त्याची आई कौतुकाने म्हणाली, “त्याशिवाय बसतच नाही एका जागी.” मनात आले, एका जागी बसावे म्हणून मुलाला खायला द्यायचे, हे आपल्या काळाचे नवीनच गणित आहे. आमच्या वेळी मुले एका जागी बसत नसत आणि बसावीत अशी कोणाची फारशी अपेक्षाही नसे.

पेणला पोहोचलो. मावशी त्र्याऐंशी वर्षांची. काठीसारखी सरळ आणि काठीसारखीच बारीक. वहिनी सत्तेचाळीस वर्षांच्या, एका पतपेढीत कारकून. मी दोन दिवस त्या घरात राहिलो आणि अण्णाच्या त्या ‘खाते आणि बसते’ची जमेल तशी शहानिशा केली.

वहिनी पहाटे साडेपाचला उठतात. तीन डबे, मावशीचे पथ्याचे, धुण्याचे यंत्र लावणे, धाकट्याची शाळा, हे उरकून साडेनऊला स्कूटरवर बसतात. दहा ते सहा खुर्ची. परत येताना भाजी, पुन्हा स्वयंपाक, धाकट्याचा अभ्यास. रात्री साडेअकराला दिवा मालवतो. दिवसभरात उसंत म्हणून नाही. पण या सगळ्या धावपळीत पाय किती चालले हे मोजले, तर स्वयंपाकघर ते स्कूटर आणि स्कूटर ते खुर्ची एवढेच. बाई दमते, पण तिच्या अंगाला श्रम घडत नाहीत. दमणे आणि श्रमणे या दोन गोष्टी आता निराळ्या झाल्या आहेत, हे मला त्या घरात प्रथम नीट उमगले.

आणि खाणे? पानात मी काही अवास्तव पाहिले नाही. पण पतपेढीत चारच्या चहाबरोबर रोज कोणाचा तरी वाढदिवस, कोणाची तरी बढती. कधी फरसाण, कधी सामोसे, कधी केक. संध्याकाळी घरी येताना धाकट्यासाठी काहीतरी ‘गरमागरम’. रविवारी मंडळी महामार्गावरच्या हॉटेलात. यातले एकेक पाहिले तर क्षुल्लक. पण महिनाअखेर बेरीज केली तर छातीत धडकी भरावी.

दुसऱ्या दिवशी मावशीसाठी पोहे आणायला म्हणून एका गिरणीत गेलो. भात भिजवायचे, मग भट्टीवर तापलेल्या वाळूत भाजायचे आणि गरम असतानाच दाबून चपटे करायचे, हा पोह्यांचा प्रकार तोच आहे. फक्त दाबण्याचे काम आता यंत्र करते. परत आल्यावर मावशीला सांगितले, तर ती हसली. “आमच्या वेळी दोघी समोरासमोर उभ्या राहायच्या. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. भात गार व्हायच्या आत कांडायचं, नाहीतर पोह्याचा चुरा. दिवाळीच्या आधी आठ दिवस दंड वर उचलत नसत.”

“आणि रोजचं?”

“रोजचं काय? पहाटे जातं. मग विहीर. मग कांडण. धुणं नदीवर. अरे, आम्ही खायचो तुझ्या वहिनीच्या दुप्पट! भाताचा डोंगर असायचा पानात. पण तळण?” तिने बोट वर केले. “तळणाची कढई वर्षातून एकदा चढायची. दिवाळीला. एरवी सणासुदीला पुरणाची पोळी, गणपतीत मोदक. लाडू काही रोजच्या डब्यात नव्हता. आता तर काय, रोज दिवाळी!”

मावशीने सहज म्हटलेले हे दोन शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत. नीट पाहिले तर गेल्या पन्नास-साठ वर्षांत आपल्याकडे एक मोठी अदलाबदल झाली आहे. जे सणाचे होते ते रोजचे झाले आणि जे रोजचे होते ते सणाचे झाले. तळलेले, गोडाचे, बाहेरचे खाणे सणाचे होते. ते रोजच्या चार वाजता आले. चालणे, उचलणे, दळणे रोजचे होते. ते आता पहिल्या जानेवारीच्या संकल्पापुरते उरले. फराळ बारमाही झाला आणि श्रम हंगामी झाले.

ही केवळ म्हाताऱ्या माणसाची हळहळ आहे असे कोणी म्हणेल. पण याला आकड्यांचा आधार आहे. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे आपल्या देशात खाद्यतेलाचा खप माणशी वर्षाला १९.७ किलोवर गेला आहे. आहारतज्ज्ञांच्या शिफारशीत तो १२ किलोच्या आसपास असावा असे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली देशातल्या दर शंभर स्त्रियांत जेमतेम १३ जणी प्रमाणाबाहेर वजनाच्या होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत त्या २४ झाल्या. पुरुषांत हेच प्रमाण ९ वरून २३ वर गेले. पंधरा वर्षांत देशाच्या लोकांचा स्वभाव बदलत नाही. एवढी माणसे एकदम आळशी झाली आणि एकदम अधाशी झाली, हे कोणा शहाण्याला पटेल? बदलला तो माणसांच्या भोवतालचा दिवस.

बैठ्या दिवसाचा भुकेवर काय परिणाम होतो याचा एक जुना आणि मोठा बोलका अभ्यास आहे, तोही आपल्याच देशातला. कोलकात्याजवळच्या एका ताग गिरणीतल्या कामगारांची पाहणी करून झां मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली ती प्रसिद्ध केली. जड काम करणारे अधिक खात, हे ओघानेच आले. पण अगदी बैठे काम करणारे कारकून आणि देखरेख करणारे हे हलके काम करणाऱ्यांपेक्षा कमी खात असतील म्हणावे, तर तेही अधिक खात होते आणि वजनानेही अधिक होते! म्हणजे हालचाल असते तोवर शरीराचा तराजू आपला आपण भूक तोलतो. हालचाल एका मर्यादेखाली गेली की काटाच बिघडतो. लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी त्याच सुमारास दुमजली बसगाड्यांवरच्या माणसांची पाहणी केली. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक, आणि गणवेशाच्या विजारींची मापे पाहिली तर चालकांच्या कमरा मोठ्या! आपल्या एस.टी.च्या चालकांनी आणि आपण प्राध्यापकांनी, बँकवाल्यांनी, पतपेढीवाल्यांनी हे मनावर घ्यावे असेच आहे.

पण सगळा दोष बसण्याला देऊनही चालणार नाही. पुडीतल्या, बाटलीतल्या खाण्याची किमया निराळी आहे. २०१९ साली अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी वीस माणसांना चार आठवडे एका जागी ठेवून त्यांच्या जेवणाचा हिशेब केला. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले खाणे, दोन आठवडे घरच्यासारखे ताजे. दोन्हींत साखर, चरबी, मीठ समोर सारखेच मांडलेले आणि हवे तितके खाण्याची मुभा. तरी कारखान्याच्या खाण्यावर माणसे रोज सुमारे पाचशे कॅलरी अधिक खात आणि खातही भरभर. ही माणसे काही दोन आठवड्यांत हावरी झाली नव्हती. ते खाणेच असे की ‘पुरे’ म्हणायला पोटाला वेळ मिळू नये.

यात आपल्या मराठी माणसाच्या शरीराची एक अडचण आहे आणि ती शोधून काढली पुण्यातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांची पाहणी त्यांनी १९९३ साली सुरू केली. तिथे जन्मणाऱ्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. पण ही चिमुकली बाळे मांसाने कमी असली तरी चरबी मात्र त्यांनी राखून ठेवलेली! बाहेरून कृश, आतून स्थूल. पुढे २००४ साली याज्ञिकांनी आपला आणि आपल्या इंग्रज स्नेह्याचा, जॉन युडकिन यांचा, जोडीने फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकराच्या अंगात २१.२ टक्के. पिढ्यानपिढ्या अर्धपोटी राहिलेल्या देशाने मिळेल तो कण साठवायला शिकावे हे स्वाभाविकच आहे. दुष्काळात तो गुण होता. बारमाही दिवाळीत तोच गळ्याशी आला. म्हणूनच आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर झाली की डॉक्टर सावध होतात, मग माणूस वरून कितीही सडपातळ दिसो.

तिसऱ्या दिवशी रोह्याला निघालो. कासू, नागोठणे, निडी आणि रोहे. या मार्गाने रेल्वे रोह्यापर्यंत आली ती १९८६ साली. त्याआधी मामाकडे जायचे म्हणजे एस.टी.चा हिसकेबाज प्रवास आणि पुढे गावात शिरेपर्यंत डोक्यावर ट्रंक. आता स्टेशनाबाहेर रिक्षा उभ्या असतात. मीही बसलो. अंगावरचे सामान एक पिशवी, अंतर पायी जाण्याजोगे. पण रस्त्याच्या कडेला चालायला जागा नाही आणि मागून येणाऱ्या गाड्यांना धीर नाही. माणसे चालत नाहीत म्हणून आपण त्यांना नावे ठेवतो. चालायची वाट कोणी शिल्लक ठेवली, हे मात्र विचारीत नाही. याच जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा तेरा वर्षांहून अधिक काळ देशभर पायी हिंडले. ते आज निघते तर पहिल्याच फाट्यावर हॉर्न ऐकून त्यांना कडेच्या गटारात उतरावे लागते.

माझा मामेभाऊ रोहे-कोलाड रस्त्यावरच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर आहे. आठवडा दिवसपाळीचा, आठवडा रात्रपाळीचा. मी गेलो तेव्हा रात्रपाळी होती. “रात्री तीनला भूक लागते रे,” तो म्हणाला, “आणि ती भाकरीची नसते. काहीतरी तिखट, तळलेलं हवं असतं.” यातही त्याच्या जिभेचा दोष थोडा. झोप मोडली की भूक वाढवणारा स्राव अंगात वाढतो आणि भागल्याची जाणीव देणारा कमी होतो, असे काही पाहण्यांत दिसले आहे. या पाळीवरच त्याने घर बांधले, मुलीला इंजिनियर केले. कारखाना नको म्हणणे सोपे. त्यातून आलेली भाकरी नको म्हणणे सोपे नाही.

संध्याकाळी कुंडलिकेकाठी फिरायला गेलो. ही नदी उन्हाळ्यातही वाहते, कारण मुळशीच्या धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून खाली उतरून तिला मिळते. ते वीजगृह १९२७ सालचे. यंत्राने नदीही बारमाही केली. तिने शेते भिजवली, गावाची तहान भागवली. बारमाही होणे काही मुळातच वाईट नव्हे. पाणी बारमाही व्हावे. फराळ होऊ नये, एवढेच.

काठावर पांढरे बूट घालून मंडळी हात हलवीत झपाझप चालत होती. त्यात ओळखीचे निवृत्त मास्तर होते, दुकानदार होते. तेवढ्यात डोंगराच्या अंगाने दोन कातकरी बायका डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन आल्या. गळ्याची हाडे दिसत होती. एकीच्या मागे पाच-सहा वर्षांचे पोर, काड्यांसारखे पाय. एकाच रस्त्यावर काही माणसे अंगावरचे उतरवायला चालत होती आणि काही पोटात पडावे म्हणून. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीत दर शंभर स्त्रियांत २३ प्रमाणाबाहेर जाड आणि सुमारे २१ प्रमाणाबाहेर कृश होत्या. १९५० ते १९५६ या काळात रोह्याचे चिंतामणराव देशमुख देशाचे अर्थमंत्री होते. तेव्हाची काळजी धान्याच्या तुटीची होती. ती काळजी डोंगरातल्या वाड्यांवर अजून आहे आणि बाजारपेठेत तिच्या शेजारी दुसरी येऊन बसली आहे. तेव्हा ‘जुने दिवस बरे होते’ असे म्हणताना जरा जपून. जुने दिवस त्या मोळीवाल्या बाईच्या डोक्यावर आजही आहेत. ते तिला बरे वाटत असतील असे मला दिसले नाही.

परतताना पुन्हा पेणला उतरलो. मावशीला विचारले, “काय गं, पुन्हा जातं आणावं का घरात?” ती ताडकन म्हणाली, “काही नको! माझी कंबर गेली त्या जात्यावर. सुनेला कशाला तो जाच? दळण-कांडण गेलं ते बरंच झालं. पण मी म्हणते, तिला घटकाभर मोकळीक द्या ना कुणीतरी! सकाळचे डबे काय तिनेच भरायचे?”

अण्णा वर्तमानपत्रात डोके घालून बसला होता. ते त्याने खाली ठेवले.

त्या रात्री मी त्यांना चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पाहणीची हकीकत सांगितली. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांना त्यांनी रोजच्या आहारात थोडा बदल आणि रोज अर्धा तास चालणे एवढेच सांगितले. तीन वर्षांनी पाहिले, तर त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले होते. तेही वजनाचा काटा फारसा न हलता. हे २००६ साली प्रसिद्ध झाले. वहिनी ऐकत होत्या. म्हणाल्या, “भावजी, अर्धा तास मला कुठून आणून देता?” प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर डॉक्टरांच्या चिठ्ठीत नसते, घरातल्या माणसांत असते. सकाळचे डबे अण्णाने भरायचे आणि वहिनींनी शेजारच्या दोघींबरोबर चालून यायचे, असे ठरले. महिन्याभराने फोन केला तेव्हा कळले, की अण्णाच्या पोळ्यांना अजून आकार आलेला नाही, पण वहिनींचे चालणे चुकलेले नाही. ‘खाते आणि बसते’ हे वाक्य त्या घरात पुन्हा ऐकू आलेले नाही.

तात्पर्य, वाचकहो, घरातल्या जाड माणसाला टोचून त्याचे वजन उतरत नाही. त्याचा दिवस बदलला तर काही उपाय चालतो. तो दिवस त्याच्या एकट्याच्या हातात नसतो. घराने कामे वाटून घ्यावीत, शाळेने मैदान राखावे, नगरपालिकेने चालायला हातभर वाट द्यावी. एवढे झाले तर मुसळ परत आणण्याची गरज नाही.

आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे कोकणातल्या रीतीप्रमाणे पोहे जरूर खा. गूळपोहे खा, दहीपोहे खा, ओल्या नारळाचे दडपे पोहे खा. लाडू, चकली, करंजीही पोटभर खा. त्या चार दिवसांसाठीच त्यांचा जन्म आहे. यंदाची दिवाळी आपणा सर्वांना सुखाची जावो; आणि ती संपली की खरोखरच संपो.